मागे बसून कोणी बघितलंच नाही

ही घटना खरी आहे.

खोटी वाटली तर सोडून द्या, माझं काही म्हणणं नाही. पण ज्यांच्यासोबत घडली ते माझ्या सख्ख्या आत्याच्या घरातले लोक आहेत, आणि ती घडली तेव्हा मध्यरात्र नव्हती, अमावास्या नव्हती, स्मशानही नव्हतं. लख्ख ऊन होतं. रविवारची दुपार. हायवेवरचा पेट्रोल पंप.

पण त्या दुपारच्या आधी गाडीबद्दल सांगायला हवं. सगळं तिथूनच सुरू झालं.

माझा आतेभाऊ शाळेत खेळाचा शिक्षक आहे. घरीदारी सगळे त्याला 'सर'च म्हणतात, त्याची आई म्हणजे माझी आत्यासुद्धा. वहिनी दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करते. त्यांची मुलगी तेव्हा पहिलीत होती. तान्ही असताना सारखं आंबट तोंड करायची म्हणून तिचं नाव पडलं लिंबू. घरात माणसं चार आणि गाडी एक, तीही म्हातारी. एक दिवस तिने चढावर राम म्हटला आणि दुसरी शोधायची वेळ आली.

वहिनीला हवी होती उंच, साधी, सेकंडहँड हॅचबॅक. आत्याचे गुडघे दुखतात. लिंबूला शाळेत सोडायचं, आत्याला बागेपाशी, वहिनीला दवाखान्यात, मग सरांची शाळा. रोजचा हा रगाडा. त्याला कशाला हवी शर्यतीची गाडी?

पण सरांच्या मनात तरुणपणापासून एकच गाडी बसलेली. बुटकी, रुंद, काळपट राखाडी रंगाची स्पोर्टी सेडान. नवी परवडण्यासारखी नव्हतीच. आणि नेमकी तीच वापरलेल्या गाड्यांच्या यार्डात, शेडच्या अगदी शेवटी, उभी होती.

"अहो, ही कमरेएवढीसुद्धा नाही. आई यात बसणार आहेत की झोपणार?" वहिनीने विचारलं.

"चार दारं आहेत. डिकी मोठी आहे. फॅमिली गाडीच म्हणतात हिला."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

दाढीवाला डीलर हसला. म्हणाला, "साहेब, एकाच हातात वापरलेली गाडी आहे. आधीचा मालक एकटा माणूस. ऑफिस ते घर, बस्स. मागची सीट तर कोणी वापरलीच नाही."

सरांचा मित्र मेकॅनिक होता. त्याने बोनेट उघडलं, इंजिनाला कान लावला, टायर पाहिले, रंगावरून बोटं फिरवली, खाली वाकून सायलेन्सर पाहिला. सरांनी चक्कर मारली. वहिनीनेही मारली, आणि खरं सांगायचं तर तिलाही मजा आली.

गाडी घेताना माणसं पुढे बसून बघतात. स्टिअरिंग धरतात, गिअर टाकतात, गाणी लावतात. ज्यांनी रोज मागे बसायचं होतं, त्यांच्या जागेवर त्या दिवशी कोणीही बसून बघितलं नाही.

गाडी घरी आली. सर तिच्यावरून असा हात फिरवायचे की वहिनीला सवत आणल्यासारखं वाटायचं.

पहिली खूण वहिनीला दिसली ती लिंबूची छोटी खुर्ची बसवताना. ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर खुर्ची सरळ राहीना. एका बाजूला कलायची. वहिनीने हाताने दाबून पाहिलं. तिथली गादी खोल बसली होती. वर्षानुवर्षं एखादं माणूस तिथेच बसत आल्यासारखी.

शेजारची जागा मात्र कोरी करकरीत.

एकटा माणूस... मागची सीट कोणी वापरलीच नाही... मग ही गादी कोणी दाबली?

"गोणी ठेवत असेल एखादी," सर म्हणाले.

वहिनीने लिंबूची खुर्ची दुसऱ्या बाजूला, स्वतःच्या मागे लावली. बसक्या जागेवर आत्या बसायला लागली.

आता सरांची एक सवय सांगते, कारण तिनेच घात केला. शाळेत मैदानावर मुलांना रांगेत उभं करून ते आकडे बोलायला लावतात. कोणी राहिलं नाही ना, हे कळतं. तीच सवय गाडीत. किल्ली फिरवायच्या आधी ओरडायचे, "आकडे!"

वहिनी म्हणायची, एक. आत्या कंटाळून म्हणायची, दोन. लिंबू किंचाळायची, तीन! आणि सर म्हणायचे, चार, निघाली गाडी!

आठवडाभर सगळं ठीक चाललं.

मग एका सकाळी सर म्हणाले, "चार."

आणि मागून आवाज आला...

"पाच."

"शाब्बास!" सरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

वहिनीने झटकन मागे वळून पाहिलं.

आवाज हळू होता. बाईचा नाही, पुरुषाचा नाही. बरेच दिवस न बोललेल्या माणसाचा घसा असतो तसा.

"लिंबू, चावटपणा नको हं," वहिनी म्हणाली.

"मी नाही बोलले. आजीच्या बाजूने आला."

"माझ्या बाजूने काय? मी काय पाढे म्हणत बसलेय का?" आत्या खेकसली. पण दिवसभर ती गप्प होती, आणि आत्या गप्प बसणं हीच आमच्या घरात भीतीची गोष्ट आहे.

त्यानंतर रोज 'पाच' आला नाही. कधी यायचा, कधी नाही. पण आत्याला त्रास सुरू झाला. एकदा उतरताना तिने बाही वर करून दाखवली. दंडावर चिमटे काढल्यासारखे काळेनिळे डाग.

"मला कोणीतरी सरकवतंय," ती म्हणाली. "कोपराने. रोज थोडं जास्त."

"आई, सीट अरुंद आहे. दाराचं हँडल लागत असेल."

"हँडलला नखं असतात का रे?"

त्यांनी विषय बदलला. खरं तर त्यांच्याही पाठीत काहीतरी टोचायचं. गाडी चालवताना सीटमधून गुडघा रुतल्यासारखं. मागे आत्या बसलेली, तिचे गुडघे तर धड वाकतही नाहीत. पण हे त्यांनी फार उशिरा सांगितलं. गाडीची बाजू घ्यायची म्हणून माणूस किती गिळतो!

शेवटी आत्याने जाहीर केलं, "मी बसने जाईन. त्या डबड्यात पाय ठेवणार नाही." आणि तिने शब्द पाळला.

मागे उरली एकटी लिंबू.

आणि सरांनी तिची खुर्ची ड्रायव्हरच्या मागे हलवली.

वाईट हेतू नव्हता. खाली टॉवेलची घडी ठेवली की खुर्ची सरळ राहायची, आणि तिथे असली की वहिनीला पुढून तिरकी मान करून लिंबू दिसायची. आधी मुलगी थेट पाठीमागे होती, आणि त्या स्पोर्टी सीट अशा उंच की मागे माणूस बसलंय की बोचकं ठेवलंय, कळायचं नाही. वहिनीलाही ते पटलं.

आता आकडे तीनच. एक, दोन, तीन.

आणि मग...

"चार."

हा आवाज आता घोगरा नव्हता. बारीक होत चालला होता. दर वेळी थोडा गोड, थोडा बोबडा. एका सकाळी वहिनीच्या अंगावर काटा आला. तो आवाज 'र' म्हणताना जीभ तशीच अडखळवत होता, जशी लिंबू अडखळवते.

कोणीतरी मागे बसून तिच्या लेकीचं बोलणं शिकत होतं.

"अहो, ते आकडे बंद करा," त्या दिवशी स्वयंपाकघरात वहिनी सरांना म्हणाली. "आणि ही गाडी विका. तुम्हाला काय वाटायचं ते वाटू दे. मला माझी पोर त्या सीटवर नकोय."

सर पहिल्यांदाच भांडले नाहीत. "या रविवारी मावशीकडे जाऊन येऊ," ते म्हणाले. "आल्यावर विकतो. नक्की."

तो रविवार.

परत येताना हायवेवर पंपावर थांबले. लिंबू उन्हाने किरकिरत होती. वहिनीने तिला खुर्चीत नीट बसवलं, पट्टा लावला, खटका वाजला तो स्वतःच्या कानांनी ऐकला. लिंबू ऊन लागलं की तोंडावर पातळ चादर ओढून घ्यायची. तशी तिने ओढली. दाराला चाइल्ड लॉक होतं, आतून उघडूच शकत नव्हतं. सर नळीपाशी उभे होते. वहिनी पाण्याची बाटली आणायला दुकानात गेली.

ती आली तेव्हा सर पैसे देऊन आत बसत होते. ती पुढे बसली. तिरकी मान केली. चादर दिसली, चादरीखाली आकार दिसला, श्वासाबरोबर हलणारा.

झोपली वाटतं, असं तिला वाटलं.

सरांनी किल्ली फिरवली आणि सवयीने, अगदी सवयीने, तोंडातून निघालं...

"आकडे!"

"अहो!" वहिनी दचकली. पण तिच्याही तोंडून पाठोपाठ गेलं, "एक."

"दोन!" मागून लिंबू म्हणाली.

"तीन, निघाली गाडी."

दोघांनीही श्वास रोखला. चौथा आकडा आला नाही. वहिनीला इतकं हायसं वाटलं की ती चक्क हसली.

गाडी हायवेला लागली.

"लिंबू, पाणी हवं का?"

"नको."

"उकडतंय का ग?"

"नाही. छान वाटतंय."

बरंच अंतर गेलं. दुतर्फा नुसती शेतं आणि मालाचे ट्रक. वहिनीचा डोळा लागत होता, तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर.

"ताई, मी पंपावरून बोलतेय," एक बाई म्हणाली. "तुमची मुलगी इथे राहिलीय. तिनेच हा नंबर पाठ म्हणून दाखवला. रडतेय खूप. परत या लवकर."

वहिनीला काही कळेना. "चुकून लावलात. माझी मुलगी गाडीत आहे."

"फ्रॉक पिवळा, केसांना दोन रबरं. लिंबू म्हणते नाव. बोला तिच्याशी."

आणि फोनमधून...

"आई... तुम्ही मला सोडून का गेलात?"

तो लिंबूचा आवाज होता. हुंदक्यांनी फाटलेला. नऊ महिने पोटात वाढवलेल्या लेकीचं रडणं आई ओळखणार नाही?

त्याच क्षणी मागच्या सीटवरून, चादरीखालून, तोच आवाज म्हणाला...

"कोणाचा फोन आहे ग, आई?"

सरांनीही ऐकलं होतं. त्यांचे डोळे आरशात गेले, पण त्या गाडीचा आरसा असा की मागच्या काचेचा पट्टा तेवढा दिसतो.

"आई, फोन ठेव ना," मागचा आवाज लाडात म्हणाला.

"आई, या ना..." फोनमधला आवाज म्हणाला. जरा हळू.

"ठेव ना फोन."

"आई..." आणखी हळू. रेंज जात असेल, असं तिला वाटलं.

वहिनीने मागे वळून, सगळा जीव एकवटून, चादर ओढली.

खुर्ची रिकामी होती.

पट्टा लावलेला. खटका बंद. आणि पट्टा रिकाम्या खुर्चीवर सैल पडलेला नव्हता. कोणाच्या तरी छातीवर असावा तसा ताणलेला होता, आणि श्वासाबरोबर वर-खाली होत होता.

"मागे वळवा!" वहिनी ओरडली. "अहो, वळवा गाडी!"

"बाबा, नको ना मागे," रिकामी खुर्ची म्हणाली. "आपण घरी जाऊ. आपण तिघंच."

सरांनी दुभाजकाच्या पुढच्या फटीतून गाडी वळवली. वळताना त्यांच्या पाठीत असा रट्टा बसला की छाती स्टिअरिंगवर आदळली आणि हॉर्न वाजतच राहिला. समोरून ट्रक. कशी वाचली गाडी, त्यांनाही सांगता येत नाही. त्यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला नाही. मागून आता लाड नव्हता. मागून लिंबूच्या गोड आवाजात एकच वाक्य येत होतं, पुन्हा पुन्हा.

"ती नको. ती नको. ती नको."

वहिनीने फोन कानाशी घट्ट धरला होता. "लिंबू, आले बाळा, आले!" पलीकडून आता फक्त श्वास ऐकू येत होता.

पंपावर हवा भरायच्या मशीनपाशी लिंबू उभी होती. ती बाई तिचा हात धरून होती. म्हणाली, "दार उघडताना मी नाही पाहिलं ताई. गाडी गेली आणि ही पोर इथे उभी. जीव तोडून हाका मारत होती."

वहिनीने झेप घेऊन तिला छातीशी धरलं. अंग गरम, फ्रॉक घामाने भिजलेला, केसांना तिच्या तेलाचा वास. तिचीच लेक. लिंबूने तोंड उघडलं.

आवाज निघाला नाही.

पुन्हा उघडलं. नुसती हवा.

आणि पाठीमागून, बंद काचांच्या त्या गाडीतून, तिच्या लेकीच्या आवाजात टाहो फुटला.

"आई! मला सोडून नको जाऊस! आई!"

वहिनी मला म्हणाली होती, हे कोणाला सांगू नकोस. पण सांगते. छातीशी लेक असूनही तिचे पाय गाडीकडे वळले. दोन पावलं गेलीही ती. सरांनी तिला धरलं.

गाडी तिथेच टाकून ते टॅक्सीने घरी आले.

त्यानंतर डॉक्टर झाले, मोठे डॉक्टर झाले, नळ्या घालून गळा तपासून झाला. सगळे म्हणतात, गळ्याला काहीही झालेलं नाही. भीतीने बसलाय, येईल. दोन वर्षं झाली. लिंबू कुजबुजते, तेही कानाजवळ तोंड आणून. बाहेर कशी आलीस, असं विचारलं तर एवढंच म्हणते, "तो आवाज म्हणाला, ही माझी जागा आहे. खूप जोरात ढकललं."

वहिनी दवाखान्यात लिंबूच्या उशाशी बसलेली असताना सरांनी गाडी परस्पर विकली. पहिल्या भेटलेल्या दलालाला, मिळेल त्या भावात. त्यांना वाटलं, पीडा टळली. त्यांनी घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा वहिनी त्यांच्या अंगावर धावून गेली.

"आवाज त्या गाडीत राहिलाय!" ती किंचाळली. "माझ्या पोरीचा आवाज विकून आलात तुम्ही!"

सर तेव्हापासून फार बोलत नाहीत. घरात आता गाडी नाही. पण वहिनीच्या फोनवर बघाल तेव्हा वापरलेल्या गाड्यांच्या जाहिराती असतात. तोच रंग, तेच मॉडेल. ती फोन करते, गाडी बघायला जाते. विकणारे बोनेट उघडून दाखवतात, ती तिकडे बघतही नाही. म्हणते, मला जरा मागे बसू द्या. डोळे मिटून बसते, मग उतरून निघून येते. लोकांना ती वेडी वाटते. मलाही वाटायची.

गेल्या आठवड्यात मी तिच्याकडे होते. लिंबू शेजारी चित्रं रंगवत होती. वहिनीने एका जाहिरातीवर फोन लावला आणि हातात कणीक होती म्हणून स्पीकरवर ठेवला. एक तरुण माणूस बोलत होता. आत्ता गाडीतूनच बोलतोय म्हणाला. इंजिन फर्स्ट क्लास, टायर नवे, आणि...

मधेच मागून एक बारीक आवाज आला. 'र' वर जरा अडखळणारा.

"बाहेर आई आली का?"

तो माणूस बोलतच राहिला. त्याने ऐकलंच नसावं.

लिंबूच्या हातातला खडू खाली पडला.

"तुमच्यासोबत..." वहिनी फोनवर वाकली. "तुमच्यासोबत लहान मुलगी आहे का हो?"

"मुलगी? नाही हो. मी एकटाच आहे. का?"

वहिनी पत्ता विचारत होती. लिंबूने तिची बाही दोन्ही हातांनी धरली होती. ती मान हलवत होती आणि तिच्या ओठांवर एकच शब्द होता, जो फक्त हवेचा होता. नको.

वहिनीने पत्ता लिहून घेतला.

काल तिने मला विचारलं, सोबत येशील का. सरांना सांगायचं नाही, म्हणाली. मी मागे बसेन, तू फक्त बाहेर उभी राहा आणि दार उघडं धर.

मी अजून तिला उत्तर दिलेलं नाही.